व्याजदर एकच, पण तो खिडकीवर, सभेत आणि फोनवर कसा सांगावा?

कुळागर (फोंडा)

सर्वांना नमस्कार. मी फोंडा तालुक्यातील एका सहकारी पतसंस्थेत काम करते. आमच्या संस्थेने एक वर्षाच्या मुदत ठेवींवरील व्याजदर १ ऑक्टोबरपासून कमी करण्याचे ठरवले आहे. ही गोष्ट आम्हाला खिडकीवर येणाऱ्या ठेवीदारांना, सप्टेंबरातील वार्षिक सर्वसाधारण सभेला आणि ज्यांच्या ठेवीची मुदत संपत आली आहे अशांना फोनवर, अशी तीन ठिकाणी सांगायची आहे. त्यासाठी सर्व कर्मचाऱ्यांना एकच छापील मजकूर देण्यात आला आहे. तो असा: "संचालक मंडळाच्या ठरावानुसार एक वर्ष मुदतीच्या ठेवींवरील व्याजदरात सुधारणा करण्यात आली असून, सदर सुधारित दर १ ऑक्टोबरपासून अमलात येतील, याची सर्व सभासदांनी कृपया नोंद घ्यावी."

एका वयस्कर ठेवीदाराला मी हा मजकूर वाचून दाखवला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, "म्हणजे वाडलें काय उणें जालें?" (वाढले की कमी झाले?) मग मी कोकणीत सांगितले, आणि त्यांना ते लगेच कळले. मात्र ते भाषा बदलल्यामुळे कळले, की मी 'कमी झाला' असे सरळ म्हटल्यामुळे कळले, हे मला ठरवता येत नाही.

आता दोन नवीन मुले खिडकीवर रुजू होणार आहेत आणि त्यांना बोलण्याचे धडे देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. माझ्या एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की, पैशाच्या व्यवहारात सर्वांशी एकाच शब्दांत बोलावे, त्यातच सचोटी आहे. माणूस पाहून बोलणे बदलले की त्यात दुटप्पीपणा येतो. मला हे पटत नाही, पण त्याला नेमके उत्तरही देता येत नाही. प्रसंगानुसार बोलणे बदलते म्हणजे त्यात नक्की काय बदलते, आणि ते शिकवता येते का, हे जाणकारांनी सांगावे. कोकणी श्रेष्ठ की मराठी, हा वाद मात्र कृपया इथे नको.

निवृत्त मास्तर (पणजी)

आपण विचारलेली दोन्ही कारणे खरी आहेत, पण त्यांचे वजन सारखे नाही. भाषेचे कारण लहान आहे. मोठे कारण तो मजकूर ज्या प्रसंगासाठी रचला गेला त्या प्रसंगात आहे.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मार्टिन जूस यांनी १९६०च्या सुमारास बोलण्याचे पाच थर सांगितले: गोठलेले, औपचारिक, सल्लामसलतीचे, सहज आणि जिव्हाळ्याचे. ही नावे परीक्षेत लिहिण्यापुरती ठीक आहेत. उपयोगाची आहे ती त्यामागची कसोटी, म्हणजे ऐकणाऱ्याला मध्ये बोलायला जागा आहे की नाही. सल्लामसलतीच्या बोलण्यात सांगणारा माहितीचा एकेक तुकडा पुढे करतो, ऐकणारा 'हूं', 'बरं', 'म्हणजे कसं?' असे म्हणत राहतो, आणि तो गप्प झाला की सांगणाराही थबकतो. औपचारिक बोलण्यात ऐकणाऱ्याचा हा सहभाग थांबतो, म्हणून वक्त्याला त्याच्या शंका आधीच ओळखून बोलण्याची सगळी बांधणी अगोदर करून ठेवावी लागते. गोठलेल्या बोलण्यात तर शब्दालाही हात लावता येत नाही. आपल्या देवळात गाऱ्हाणे घालणारा माणूस शेजाऱ्याच्या आजाराबद्दल देवाला सांगतो ते ठरलेल्या चालीत आणि ठरलेल्या शब्दांत, आणि भोवतालचे लोक ठरलेल्या जागीच 'व्हय महाराजा' म्हणतात. तेथे कोणी 'म्हणजे कसं?' असे विचारत नाही.

आपला छापील मजकूर सभेच्या इतिवृत्तासाठी जन्मला आहे. तेथे तो शोभतो, कारण ठरावाला सूचक, अनुमोदक आणि तारीख लागते. तोच खिडकीवर वाचला की समोरच्या माणसाची बोलण्याची पाळी येईपर्यंत तीन ओळी उलटून गेलेल्या असतात. त्या ठेवीदाराने शेवटी प्रश्न विचारला, हे त्यांचे धैर्य समजावे. बहुतेक जण मान हलवून पासबुक पिशवीत घालतात.

भाषेविषयी थोडेसे. नॉर्वेच्या उत्तर भागातील हेम्नेसबर्गेट या गावाचा अभ्यास यान-पेटर ब्लोम आणि जॉन गंपर्झ यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. तेथील सरकारी कार्यालयात लोक कारकुनाशी घरची विचारपूस गावच्या बोलीत करतात आणि कामाचे बोलणे सुरू झाले की प्रमाण भाषेकडे वळतात, असे त्यांना आढळले. आपल्याकडे मामलेदार कचेरीत पंधरा मिनिटे उभे राहिले तरी हेच दिसते. 'पावस कसो आसा तुमगेर?' येथपर्यंत कोकणी, आणि 'उताऱ्यावर नाव चढवायचे आहे' येथून मराठी किंवा इंग्रजी. लग्नाची पत्रिका 'उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत' असे छापते, पण ती पत्रिका हातात देणारा माणूस 'चुकनासतना येवंक जाय हां' (न चुकता यायला हवं हं) असेच म्हणतो. येथे भाषा बदलणे ही एक खूण आहे. ती सांगते की आता आपण शेजारी म्हणून बोलत आहोत, किंवा आता कागदाचे काम सुरू झाले. आपण कोकणीत वळलात तेव्हा त्या गृहस्थांना प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, एवढे श्रेय भाषेला जरूर द्यावे. उरलेले सगळे श्रेय 'कमी झाला' या दोन शब्दांचे आहे.

रात्रपाळी (बांबोळी)

मी रुग्णालयात परिचारिका आहे. मास्तरांनी ऐकणाऱ्याच्या जागेविषयी लिहिले. मला त्यात एक भर घालायची आहे. बोलून झाल्यावर ऐकणाऱ्याने काय करायचे आहे, हे आधी ठरवले की वाक्यांचा क्रम आपोआप लागतो.

रात्री डॉक्टरांना फोन करताना आम्ही एका ठरावीक क्रमाने बोलतो. या पद्धतीला एसबार म्हणतात. ती अमेरिकेच्या नौदलातील अणुपाणबुड्यांमधून तेथील रुग्णालयांत आणि मग सगळीकडे आली. आधी आत्ताची स्थिती, मग मागची हकीकत, मग आपला अंदाज आणि शेवटी आपल्याला काय हवे ते. 'खाट सात, ऑक्सिजन ८६वर उतरला आहे. काल पोटाची शस्त्रक्रिया झाली. मला छातीचा त्रास वाटतो. आपण आत्ता येऊन पाहावे.' यात 'माफ करा, त्रास देते' यालाही जागा नाही, कारण झोपेतून उठलेल्या माणसाच्या कानावर पहिल्या वाक्यात खाट आणि आकडा पडला पाहिजे.

सकाळी त्याच रुग्णाच्या बायकोशी बोलताना मी हा क्रम उलटा करते. तिला आधी बसायला सांगते, काल रात्री तिने काय पाहिले ते तिच्याकडून ऐकते, आणि मग तिला जे ठाऊक आहे त्याला जोडून नवीन गोष्ट सांगते. माहिती तीच असते. डॉक्टरांनी यायचे असते आणि तिने धीर धरून सहीचा निर्णय घ्यायचा असतो, म्हणून बोलणे दोन प्रकारचे होते. याला कोणी दुटप्पीपणा म्हणत असेल, तर मग दोघांनाही एकाच आवाजात 'ऑक्सिजन ८६' म्हणणारी परिचारिका कोणाला हवी आहे, ते त्याने सांगावे.

आपल्या नवीन मुलांना एक सवय मात्र नक्की लावा. 'कळलं ना?' असे विचारू नये. त्याला उत्तर 'हय' हेच येते. 'घरी गेल्यावर मुलाला कसं सांगाल?' असे विचारावे आणि ऐकावे. सत्तरीतील एका आजींना आम्ही 'सकाळी जेवणाआधी अर्धा तास' अशी गोळी सांगितली होती. त्यांनी परत सांगताना 'पेजेआधी?' असे विचारले, तेव्हा लक्षात आले की त्यांचे सकाळचे जेवण म्हणजे अकराची पेज, आणि आमच्या मनात होती ती सातची न्याहारी. छापील सूचनेत ही फट कधीच दिसली नसती.

मांडवातला निवेदक (पेडणे)

मी गावोगावच्या जत्रांत आणि संस्थांच्या सभांत सूत्रसंचालन करतो. वर सगळे शब्दांबद्दल आणि क्रमाबद्दल लिहिले गेले, पण बोलणे हवेतून जाते हे कोणी लक्षात घेतले नाही. सभा सप्टेंबरात आहे, म्हणजे सभागृहाचे छप्पर पत्र्याचे असेल तर आपल्या मजकुराचा निम्मा भाग पाऊसच खाणार.

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकार तर त्याच्याही मागे. 'उद्या सकाळी दहा वाजल्यापासून वरच्या वाड्यावर पाणी येणार नाही' हे वाक्य ध्वनिक्षेपकावरून सांगितले आणि 'नाही'च्या वेळी कोणी खोकले, तर अर्धा वाडा भांडी न भरता पाण्याची वाट पाहत बसतो. लिहिताना ही अडचण येत नाही, कारण डोळा पुन्हा मागे जातो. कानाला मागे जाता येत नाही. म्हणून मांडवात मी 'उद्या वरच्या वाड्यावर पाणी बंद. सकाळी दहापासून बंद.' असे म्हणतो. मुख्य शब्द दोनदा येतो, आणि एकदा तरी खोकल्यातून सुटतो. फोनवर आवाज तुटत असेल तेव्हाही हेच करावे. 'ठेव मोडता येणार नाही' या वाक्याची शेवटची दोन अक्षरे तुटली तर काय होईल, हे पतसंस्थेतल्या माणसांना मी सांगायला नको.

आपल्या मजकुरातले 'असून' पाहा. लिहिताना 'असून'ने दोन विधाने छान जोडली जातात. बोलताना मात्र 'असून' ऐकल्यावर श्रोता श्वास धरून बसतो, कारण खरी गोष्ट अजून यायची आहे असे त्याला वाटते, आणि येथे खरी गोष्ट आधीच निघून गेलेली असते. सभेत वाचायच्या मजकुरात मी प्रत्येक 'असून' खोडतो आणि तेथे पूर्णविराम देतो. (काही अध्यक्षांना यात अपमान वाटतो, तो भाग वेगळा.)

दुरून बोलण्याचे शास्त्र जुने आहे. दुरून हाक मारताना वाक्याचा शेवटचा स्वर लांबवावा, असा नियम पाणिनीने घालून दिला आहे, आणि कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हाक घालणाऱ्या आपल्या बायका, पाणिनीचे नावही न ऐकता, 'गो' आणि 'रे' अगदी तसेच लांबवतात. त्या आधी नुसते नाव घालतात, 'ओ' आली की मगच निरोप सांगतात. सभेत हे उलट घडते. वक्ता उभा राहताच ठराव वाचू लागतो आणि मागच्या रांगा अजून खुर्च्या ओढत असतात.

कीर्तनकाराकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पूर्वरंगात अभंगाचे निरूपण करताना त्याची मराठी भरजरी असते, वाक्ये लांब असतात. उत्तररंगात आख्यान सुरू झाले की तो पात्रागणिक आवाज बदलतो, आणि श्रोत्यांचे डोळे जड होऊ लागले असे दिसले की एखादे वाक्य खुशाल कोकणीत टाकून हशा घेतो. घरी कोकणी बोलणारे शेकडो लोक मराठी कीर्तन तास दोन तास ऐकतात, याचा अर्थ श्रोत्यांना अवघड भाषेचे वावडे नाही. कुठे थांबायचे हे बोलणाऱ्याला कळले पाहिजे.

सासष्टीकर (मडगाव)

वरील प्रतिसाद चांगले आहेत, तरी मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. 'माणूस पाहून बोलावे' हा सल्ला खिडकीवर फार घातक ठरू शकतो, कारण पाहून आपण बहुधा चुकीचाच अंदाज बांधतो. पासबुकावर ख्रिस्ती नाव दिसले की कर्मचारी इंग्रजीत सुरू होतो, कपडे कामगारासारखे दिसले की हिंदीत, आणि केस पांढरे दिसले की लहान मुलाशी बोलावे तशा लाडिक सुरात. माझ्या आईने एका मोठ्या संस्थेत पस्तीस वर्षे हिशेब सांभाळले. तिला 'आजी, इथे छान सही करायची हं' असे कोणी म्हटले की ती मुद्दाम दरसाल दरशेकडाचा प्रश्न विचारते.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड जाइल्स यांनी १९७०च्या दशकापासून या विषयावर काम केले आहे. बोलणारे एकमेकांच्या बोलण्याशी जुळते घेतात किंवा जाणूनबुजून अंतर ठेवतात, असे त्यांचे प्रतिपादन. जुळते घेण्याचा अतिरेक झाला की ऐकणाऱ्याला त्यात कमीपणा वाटतो, हेही या अभ्यासांतून पुढे आले. म्हणून नवीन मुलांना मी असे सांगेन की, पहिले वाक्य साध्या मराठीत किंवा कोकणीत, सर्वांना सारखे बोलावे. समोरचा ज्या भाषेत आणि ज्या वेगाने उत्तर देईल त्याच्या मागे जावे. अंदाज त्याचे उत्तर ऐकून बांधावा, त्याचे नाव किंवा सदरा पाहून नव्हे.

एकेरी-बहुवचनाचेही पाहा. आपल्या अनेक घरांत आईला आणि आजीला 'तूं' म्हणतात आणि त्यात माया असते. तीच सवय मराठीत आली की खिडकीवरचा मुलगा सत्तर वर्षांच्या माणसाला 'तू सही कर' म्हणतो, आणि पुण्याहून येऊन येथे स्थायिक झालेल्या ठेवीदाराच्या कपाळावर आठी चढते. दोन्ही भाषांत 'तुम्ही'च ठेवावे. 'आपण' मात्र खिडकीवर फार थंड वाटते.

सहकाऱ्याच्या शंकेबद्दल. ती फेटाळून लावण्यासारखी नाही. बोलण्याचा सूर, क्रम, भाषा बदलावी, पण वाईट बातमी तिन्ही ठिकाणी तेवढीच स्पष्ट असली पाहिजे. सभेत शंभर जण प्रश्न विचारतील म्हणून तेथे 'सुधारणा' म्हणायचे आणि खिडकीवर एकट्या माणसाला 'कमी' म्हणायचे, किंवा याच्या उलट करायचे, हा खरा दुटप्पीपणा. तुमच्या छापील मजकुरात सर्वांना एकच शब्द आहेत आणि तरीही तो सर्वांपासून एकच गोष्ट लपवतो, हे त्या सहकाऱ्याला अवश्य दाखवा.

कुळागर (फोंडा)

सर्वांचे मनापासून आभार. आपल्या सूचनांवरून मी पुढील मसुदे केले आहेत.

सभेसाठी: "एक वर्षाच्या ठेवीवरील व्याजदर कमी झाला आहे. नवा कमी दर १ ऑक्टोबरपासून लागू होईल. त्याआधीच्या ठेवींना मुदत संपेपर्यंत जुनाच दर मिळेल." यानंतर ठरावाचा मूळ मजकूर इतिवृत्तासाठी वाचला जाईल.

खिडकीसाठी: "एक वर्षाच्या ठेवीचा दर ऑक्टोबरपासून कमी होणार आहे. तुमची ठेव कधीची आहे, पाहू या?" आणि येथे थांबायचे.

एक गोष्ट उरली. व्याजदराच्या फोनचा प्रश्न यातून सुटतो, पण त्याच मुलांना थकलेल्या हप्त्यांसाठीही फोन करावे लागतात. तेथे थोडे कडक बोलावे असे वरिष्ठ म्हणतात. तो सूर कसा शिकवावा?

बँकेतून निवृत्त (म्हापसा)

कडक सुराची गरज नाही, नेमकेपणाची आहे. मी वसुली विभागात बरीच वर्षे काढली आहेत, त्यावरून लिहितो.

फोन कोणी उचलला हे कळेपर्यंत रकमेचा किंवा कर्जाचा उच्चारही करू नये. मुलीने किंवा शेजाऱ्याने उचलला, तर 'मी संस्थेतून बोलतो, त्यांना परत फोन करायला सांगाल का?' एवढेच म्हणावे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये वसुलीचे फोन सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर करू नयेत, असे बँकांना बजावले. पतसंस्थेनेही तीच वेळ पाळावी.

कर्जदार स्वतः बोलू लागला की रक्कम आणि थकलेले हप्ते एका वाक्यात सांगावेत आणि गप्प बसावे. ही शांतता नवीन मुलांना सहन होत नाही. ती भरून काढण्यासाठी कोणी धमकी देतो, तर कोणी 'काही हरकत नाही, सावकाश भरा' असे म्हणून मोकळा होतो, आणि दोन्ही प्रकारांत कर्जदाराच्या मनातली अडचण त्याच्या तोंडून येतच नाही. चार-पाच सेकंद थांबल्यास बहुतेक लोक आपणहून सांगतात की पगार लांबला आहे, की घरात कोणी आजारी आहे, की जामीनदाराशी बिनसले आहे.

मग 'भरणार ना?' असे न विचारता 'कधी आणि किती भरू शकाल?' असे विचारावे. उत्तर आले की ते वाराबरोबर तारखेसह त्यांच्याकडून पुन्हा वदवून घ्यावे आणि त्यांच्या देखत, म्हणजे फोन चालू असतानाच, लिहून घेत असल्याचे सांगावे. नुसते 'शुक्रवारी भरतो' यावर फोन ठेवू नये. म्हापशाचा बाजार दर शुक्रवारी भरतो, आणि कर्जदाराच्या मनात त्यातला कुठला शुक्रवार होता हे पुढे त्यालाही सांगता येत नाही.